कोकणातल्या स्टार्टअपमधली नोकरी: वातावरण, वरिष्ठ आणि पगाराची तारीख. अनुभव सांगा

पडवीतला_कोडर

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत एका स्टार्टअपमध्ये नोकरीला आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कुणी ओळखलंच तर कृपया इथे लिहू नका. आंबा-काजू बागायतदारांचा माल थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला पोचवणारं ॲप आहे, मी बॅकएंड बघतो. पुण्यातली नोकरी सोडून आलो. पगार कमी झाला, पण भाडं नाही, ट्रॅफिक नाही, आणि आईबाबा इथेच आहेत.

सुरुवातीचा काळ छानच होता. फाउंडर हुशार आहे, बागायतदाराशी तासन्‌तास बोलू शकतो. सीझनला आम्ही डेव्हलपर मंडळीसुद्धा गोडाऊनमध्ये पेट्यांवर क्यूआर चिकटवायला उभे असायचो, आणि बाह्या सरसावून तोही उभा असायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षभरात चित्र पालटलंय. पगार सात तारखेवरून पंधरावर गेला, आता वीस. कारण दर वेळी एकच, ‘फंडिंग क्लोज होतंय.’ टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये, भिंतीभर आलेख दाखवतात. पण खात्यात किती महिन्यांचे पैसे उरलेत असं आमच्या क्यूएतल्या (सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीममधल्या) एका मुलीने सरळ विचारलं, तर तिला सगळ्यांसमोर ‘निगेटिव्ह एनर्जी’ म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून तिला प्लॅनिंगच्या मीटिंगा कळवणं बंद. रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर काम येतं. जून-जुलैत आमच्याकडे लाईट जाते, टॉवरही मरतो, त्यावर म्हणे ‘लाईट गेली ही सबब चालणार नाही.’

आता मला टीम लीड करतायत. पगारवाढ शून्य, त्याऐवजी इसॉप, म्हणजे पुढे कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क. घरचे म्हणतात, रत्नागिरीत अशी नोकरी परत मिळायची नाही. अशा ठिकाणी वातावरण सुधारतं का? तुमच्याकडचे वरिष्ठ वाईट दिवसांत कसे वागले, ते ऐकायचंय.

हुकलेली_कोकणकन्या

बाकी सगळं नंतर. आधी पीएफचं पासबुक उघडा. स्लिपवर कापलेला पीएफ खात्यात दिसतोय का? आजच बघा.

निवृत्त_चाकरमानी

आजकालच्या मुलांना पगार पाच दिवस उशिरा झाला की धागा काढायचा असतो. मोठमोठे उद्योगपती आठवड्याला सत्तर तास काम करा सांगतायत, ते काय उगाच? गावात बसून कॉम्प्युटरवर काम मिळतंय, त्याचं मोल ठेवा.

दोडामार्गकर

काका, पाच नाही हो, तेरा दिवस. आणि सत्तर तास २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तेव्हा त्यांच्या कंपनीत पगार थकला नव्हता.

मालवणीत सांगतंय: गजाली बस झाले, पगार खंय आसा ता इचार.

निवृत्त_चाकरमानी

@दोडामार्गकर, बरं, मुद्दा घेतो. आमचे वडील गिरणगावात होते, १९८२ चा संप मी शाळकरी वयात पाहिला आहे. तेव्हाचे मालक काही संत नव्हते. पण मालक मालकासारखा वागायचा आणि कामगाराला ते ठाऊक असायचं. पगाराला उशीर झाला की गिरणीतल्या खात्यातली माणसं जॉबरजवळ (मुकादमाजवळ) जमायची, एकट्याने विचारायची वेळ कुणावर यायची नाही. तुमच्यात त्या एका मुलीने विचारलं तेव्हा बाकीचे दहाजण काय करत होते?

पडवीतला_कोडर

काका, माना खाली घालून लॅपटॉपकडे बघत होतो.

हिशोबनीस

व्यवसायाने मी आकडेमोड करणारा, चिपळूण आणि रत्नागिरीतल्या छोट्या कंपन्यांची कामं बघतो. जरा लांबण लावतो, पण उपयोग होईल.

पगाराची तारीख हा मालकाच्या मर्जीचा विषय नाही. वेतन संहिता आणि बाकीच्या तीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे. नोकरी सोडली किंवा काढलं, तर राहिलेला पगार दोन कामकाजी दिवसांत. ‘फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) पंचेचाळीस दिवसांनी’ असं जे ऑफर लेटरात छापलेलं असतं, ते पगारापुरतं या नियमापुढे टिकत नाही.

पीएफ: तुमच्या पगारातून १२ टक्के कापतात, तेवढाच वाटा कंपनीने घालायचा, आणि दोन्ही मिळून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे. कंपनीचा वाटा उशिरा भरणं हा एक गुन्हा. तुमच्या पगारातून कापून स्वतःजवळ ठेवणं हा निराळाच, त्याला कायदा विश्वासघात समजतो, पूर्वी भारतीय दंड संहितेत आणि आता न्याय संहितेत. गंमत म्हणजे अडचणीत आलेली कंपनी पहिला हात इथेच घालते. बँकेचा हप्ता चुकला की बँक दारात येते, जीएसटी चुकला की नोटीस येते. पीएफ चुकला तर कर्मचाऱ्याला कळायलाच महिने जातात, कारण तो पासबुक बघत नाही.

इसॉप: हा शेअर नाही, पुढे ठरल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क आहे. दिल्यापासून निदान एक वर्ष तो हाती लागत नाही, कंपनी कायद्याच्या नियमांतच तसं आहे, आणि साधारण चार वर्षांत थोडाथोडा पिकतो. हक्क वापरून शेअर घेतलात की त्या दिवशीची रास्त किंमत आणि तुम्ही भरलेली किंमत यांतला फरक पगारात धरून कर लागतो. शेअर विकला नसला तरी. काही नोंदणीकृत पात्र स्टार्टअपना हा कर पुढे ढकलायची सवलत आहे, सगळ्यांना नाही. खाजगी कंपनीचा शेअर विकायला बाजार नसतो हे आणखी वर. म्हणून तीन गोष्टी लेखी मागा: एकूण शेअर किती (समजा तुम्हाला दहा हजार दिले, तरी त्याशिवाय त्यांना काही अर्थ नाही), हक्क वापरायचा भाव किती, आणि नोकरी सोडल्यावर किती दिवसांत वापरावा लागतो. तिसऱ्या उत्तरावर बरेच जण गार पडतात.

तांडेलाचा_नातू

हिशोबनीसांचं वाचून आजोबांची होडी आठवली. मासळी उतरली की लिलाव सगळ्यांच्या देखत. डिझेल, बर्फ, शिधा वजा करायचा आणि उरलेल्याचे वाटे: मालकाचे इतके, तांडेलाचा इतका, खलाशांचे इतके. त्या दिवशी मिळालं नाही तर कुणालाच मिळालं नाही, आणि हे खलाशाच्या डोळ्यांना दिसायचं. पगार कमी करून वाटा देणार असाल तर हरकत काहीच नाही, पण मग लिलावही दाखवा. या कोडरभाऊंना वाटेकरी म्हणतायत आणि लिलाव बंद दाराआड चाललाय.

(होडीवर शिव्याही भरपूर असायच्या, उगाच गोड रंगवत नाही.)

भरती_ओहोटी

फाउंडरच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहितो. सिंधुदुर्गात माझी छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, वीसच्या आत माणसं. शेतमालाच्या धंद्यात पैसा मार्च ते मे येतो आणि पगार बारा महिने द्यायचे असतात. आंब्याला मोहोर धरायच्या वेळी अवकाळी झाला की अंदाजपत्रक त्याच रात्री फाटतं. गुंतवणूकदार ‘हो’ म्हणतो, कागद पाठवतो आणि मग तीन महिने वकील एकमेकांना ईमेल करत बसतात. हे खरंच होतं, थाप नसते. मधल्या काळात सगळ्यांना खरं सांगितलं तर चांगली माणसं आधी जातात, ही भीतीही खोटी नाही.

आमच्याकडे मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक ओळ लिहितो: आजच्या खर्चाने इतके महिने पुरतील. आकडा चारच्या खाली गेला की कोणते खर्च कोणत्या क्रमाने बंद होतील तेही आधीच ठरलेलं आहे, आणि त्यात पहिलं नाव माझ्या पगाराचं आहे. त्यामुळे दोघं गेले. बाकीचे राहिले, आणि ते अफवांवर दुपार घालवत नाहीत.

कोडर, एक विचारतो. तुमच्या फाउंडरचा स्वतःचा पगार थांबलाय का?

पडवीतला_कोडर

माहीत नाही. गाडी नवीन आली आहे. घरची असू शकते, उगाच आरोप नको.

हुकलेली_कोकणकन्या

गाडी जाऊ द्या. पासबुक?

वाशिष्ठीकाठ

वरिष्ठ वाईट दिवसांत कसे वागले, असं विचारलंत म्हणून लिहिते. २२ जुलै २०२१. चिपळूण बाजारपेठ पाण्यात. आमचं घर खालच्या अंगाला, आम्ही वरच्या मजल्यावर, लॅपटॉप खाली राहिलेला. मी तेव्हा बंगळुरूच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीसाठी घरून काम करायचे. दोन दिवसांनी रेंज आली तेव्हा मॅनेजरचे मेसेज होते, कामाचा एकही नाही. तिने माझी सगळी कामं दुसऱ्यांना वाटून बोर्डावर माझं नाव काढून टाकलं होतं, म्हणजे मला परत आल्यावर थकलेलं काही दिसणारच नाही. नवीन लॅपटॉप कोल्हापूरपर्यंत पाठवला, तिथून भावाने आणला. रजा कापल्या नाहीत. तिने यासाठी कुणाची परवानगी घेतली नव्हती, नंतर वर कळवलं. आणि वरच्यांनी तिला झापलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

याच कंपनीत ‘आपली मूल्ये’ असलं एक पोस्टर होतं. त्यावर काय लिहिलं होतं ते मला आज आठवत नाही.

आता तुमच्या ‘लाईट गेली ही सबब नको’वर. पावसाळ्यात कोकणात लाईट जाणार हे ज्याला ठाऊक नाही त्याने कोकणात ऑफिस काढू नये. इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड, आणि ज्या दिवशी काहीच चालणार नाही त्या दिवशी काम कोण उचलेल याची यादी. पावसाच्या आधी ही तजवीज करणं वरिष्ठांचं काम आहे. निसर्ग वादळानंतर रायगड-दापोलीच्या पट्ट्यात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तिथल्या माणसाला सबब म्हणायचं?

एमआयडीसीतला_पाहुणा

झोहोचं उदाहरण द्यायचं राहिलं सगळ्यांचं. श्रीधर वेंबू तेनकाशीजवळच्या खेड्यात राहून जगभर सॉफ्टवेअर विकतात. कोकणात का नाही होऊ शकत?

भरती_ओहोटी

होऊ शकतं, पण झोहोत बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा नाही, हा त्यातला कळीचा भाग आहे. पुढच्या फेरीसाठी आलेख दाखवायची सक्ती नाही, म्हणून गावातल्या पोरांना सावकाश शिकवून तयार करायला वेळ मिळतो. आपल्याकडे गाव तेनकाशीसारखं हवं आणि घाई बंगळुरूसारखी. मग रात्री अकराचे व्हॉट्सॲप होतातच.

एमआयडीसीतला_पाहुणा

पटलं. तरी गणपतीच्या सुट्टीवर कुणी बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं. माझ्या जुन्या ऑफिसात पुण्याहून आलेला सीटीओ (तंत्रज्ञान प्रमुख) गौरी-गणपतीच्या आठवड्यात सॉफ्टवेअरची रिलीज ठेवायचा. दोनदा ठेवली, दोन्ही वेळा सर्व्हरजवळ फक्त तो आणि वॉचमन. तिसऱ्या वर्षी मे महिन्यातच विचारलं, ‘गणपती कधी आहेत?’ माणूस शिकतो.

दोडामार्गकर

शिमग्याचा विचारलान काय?

आगरकन्या

मला त्या क्यूएतल्या मुलीबद्दल बोलायचंय. धागा इसॉप आणि झोहोकडे गेला, ती मागेच राहिली.

मीटिंगला न बोलावणं, ग्रुपमधून हळूच काढणं, तिने काढलेले बग दुसऱ्याच्या नावावर जाणं, हे सगळं असं होतं की तक्रार करायला गेलं तर आपणच चिडखोर दिसतो. मी अलिबागकडच्या एका कंपनीत हे पाहिलंय. एका बंगल्यात ऑफिस, सगळे एकमेकांचे मित्र, शुक्रवारी किनाऱ्यावर पार्टी. तिथे एका सहकारी मुलीला वरिष्ठाकडून त्रास झाला. तक्रार कुणाकडे करायची विचारलं तर म्हणाले, ‘समिती आहे ना.’ समिती म्हणजे फाउंडर, त्याची बायको आणि त्रास देणाऱ्याचा रूममेट.

म्हणून नीट लिहून ठेवते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष तिथलीच वरच्या हुद्द्यावरची बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा, स्वयंसेवी संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, चौकशी नव्वद दिवसांत. आमच्या त्या मैत्रिणीला जिल्ह्याची समिती असते हेच कुणी सांगितलं नव्हतं.

कोडर, तुमच्याकडची गोष्ट या कायद्यात बसत नाही हे मला कळतं. पण तुम्ही टीम लीड होणार असाल तर पहिल्या दिवशी तिला मीटिंगचं आमंत्रण पाठवायला कुणाची परवानगी लागणार आहे?

पडवीतला_कोडर

@आगरकन्या, लागणार नाही. लीड होण्याची वाटही बघत नाही. आजच पाठवलं, ती येऊन बसली. कुणी काही बोललं नाही.

@हुकलेली_कोकणकन्या, पासबुक उघडलं. गेल्या सप्टेंबरपासून कोरं आहे. स्लिपवर दर महिन्याला कापलेलं दिसतंय. बाकी तिघांना बघायला सांगितलं, त्यांचंही तसंच. काही सुचत नाहीये. पासबुक अपडेट व्हायला वेळ लागतो म्हणतात, तसं असेल का?

हुकलेली_कोकणकन्या

थोडे दिवस पुढेमागे होतं, सप्टेंबरपासून नाही. खात्री करायची तर ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’ आहे. कंपनीचं नाव टाका, कोणत्या महिन्याचे पैसे कधी भरले आणि किती माणसांचे, ते दिसतं. लॉगिन लागत नाही. खरं तर नोकरी धरायच्या आधीच हे बघावं. मी मुलाखतीला जायच्या आधी बघते, ग्लासडोरवर (कर्मचारी कंपन्यांबद्दल लिहितात ती साइट) दिलेले तारे नंतर.

हिशोबनीस

आता क्रम सांगतो, तो मोडू नका.

आज रात्री सगळ्या पगार स्लिपा, ऑफर लेटर, बँकेचं स्टेटमेंट आणि पासबुकाचं पान स्वतःच्या खाजगी ईमेलवर घ्या. फक्त स्वतःचे कागद. कंपनीचा कोड, गिऱ्हाइकांची यादी यांना हात लावू नका, नाहीतर उद्या तुमच्यावरच उलटेल. फॉर्म २६एएस पण बघा, टीडीएस कापून भरला नसेल तर तिथे कळेल. एकात हात घातला असेल तर दुसऱ्यातही घातलेला असण्याची शक्यता असते.

मग चौघांनी मिळून एक ईमेल. भांडण नाही, आरोप नाही. ‘अमुक महिन्यांपासून कापलेली रक्कम खात्यात दिसत नाही, कधीपर्यंत भरली जाईल ते कळवावं.’ तारीख मागा. चौघांच्या सह्या हव्यात, निवृत्त काकांचा मुद्दा इथे लागू. उत्तर आलं नाही किंवा तारीख टळली तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर. उशिराच्या रकमेवर कंपनीला वर्षाला १२ टक्के व्याज भरावं लागतं, हे त्यांच्या हिशोबनिसाला माहीत असतंच.

टीम लीडच्या कागदावर आत्ता सही करू नका.

पडवीतला_कोडर

त्या कागदात दोन वर्षांचा बॉण्ड पण आहे. आधी सोडलं तर दोन लाख, आणि सोडल्यावर वर्षभर दुसऱ्या ॲग्रीटेक कंपनीत जायचं नाही.

हिशोबनीस

दुसरी अट नोकरी संपल्यानंतर चालत नाही, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आहे. पहिली मात्र हसण्यावारी नेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्याबद्दलचा दोन लाखांचा बॉण्ड ग्राह्य धरला. तिथे भरतीचा मोठा खर्च वगैरे कारणं होती, तुमच्यासारख्याला तसंच लागू होईल असं नाही. पण ‘बॉण्ड म्हणजे रद्दी’ हे चावडीवरचं ज्ञान आता जुनं झालं.

मूळ प्रमाणपत्रं मागितली आहेत का? देऊ नका.

निवृत्त_चाकरमानी

पीएफचं वाचून माझं पहिलं मत मागे घेतो. पगार उशिरा होणं एक आणि हे एक. घरच्यांना पासबुक दाखवा, ‘अशी नोकरी परत मिळायची नाही’ त्यांच्या तोंडून पुन्हा निघणार नाही.

पडवीतला_कोडर

अपडेट. चौघांऐवजी नऊ जणांनी सही केली. ईमेल गेल्यावर तासाभरात फाउंडरने केबिनमध्ये बोलावलं, मला एकट्याला. आम्ही सगळे गेलो, खुर्च्या कमी पडल्या. तो आधी चिडला, ‘माझ्याशी सरळ बोलता आलं नसतं का’ वगैरे. क्यूएतली ती म्हणाली, ‘सर, मी सरळच बोलले होते.’

त्यानंतर बराच वेळ त्याने पहिल्यांदाच आकडे सांगितले. गुंतवणूकदार डिसेंबरमध्येच मागे हटलाय. सीझनचे पैसे धरले तर ऑगस्टपर्यंत पगार निघतील, पीएफची थकबाकी धरली तर जुलैपर्यंत. पीएफ तीन हप्त्यांत भरतो म्हणाला, तारखा लेखी दिल्या. त्याचा पगार जानेवारीपासून बंद आहे म्हणे, ते खरं असावं, अकाउंट्सवाल्याने मान हलवली.

विचित्र वाटेल, पण बाहेर आल्यावर ऑफिसात बऱ्याच दिवसांनी लोक धड काम करत होते. तरी दोघांनी त्याच संध्याकाळी बायोडेटा काढला, मीही काढलाय. लीडला नाही म्हणालो, इसॉपलाही. पहिला हप्ता आला तर सीझन संपेपर्यंत थांबेन, बागायतदारांची पेमेंट माझ्या कोडवर चालतात, ती मध्येच टाकून जायला जीव होत नाही.

भरती_ओहोटी

डिसेंबरमध्ये सांगितलं असतं तर त्याला हेच नऊजण पाच महिने आधी मिळाले असते. तुमच्यापैकी कुणी सिंधुदुर्गात यायला तयार असेल तर मला संपर्क करा, जागा दोन आहेत. पगार पुण्याचा नाही, आधीच सांगतो.

दोडामार्गकर

महिन्याचो पयलो सोमवार ठरलो मगे.

आगरकन्या

@भरती_ओहोटी, त्यातली एक क्यूएची आहे का? विचारून सांगते तिला.

पडवीतला_कोडर

एक शेवटची शंका. जे दोघं सोडतायत त्यांची एक्झिट डेट कंपनीने टाकलीच नाही तर पीएफ अडकतो का?

हुकलेली_कोकणकन्या

अडकत नाही. शेवटची रक्कम जमा झाल्याला दोन महिने झाले की मेंबर पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये जाऊन ‘मार्क एक्झिट’ स्वतः करता येतं, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख नीट बघून टाका, नंतर बदलायला फार त्रास होतो. आणि थकलेले हप्ते जमा झाल्याशिवाय करू नका.